आधी बिअर की आधी कापड?

जुनी ब्रुअरी ही वास्तू पुनर्वापराला फार सोयीची असते. भिंती जाड, छत उंच, तळघर थंड. डब्लिनमध्ये गिनेसच्या १९०४ च्या इमारतीत १९८८ पर्यंत बिअर आंबवली जात होती. २००० पासून तिथे पर्यटक येतात. बर्लिनच्या शुल्थाइस ब्रुअरीतले काम १९६७ मध्ये थांबले. आज त्या आवारात चित्रपटगृह, संग्रहालय आणि नाट्यगृह आहे. एकूण नियम असा : आधी बिअर, मग संस्कृती.

भारतातला पहिला अपवाद कसौलीचा. जालियनवाला बागेवर गोळीबार करवणाऱ्या जनरल डायरचे वडील एडवर्ड डायर यांनी तिथे १८५५ च्या सुमारास ब्रुअरी काढली. पुढे पाणी पुरेना, म्हणून बिअर सोलनला गेली आणि कसौलीच्या कारखान्यात व्हिस्की गाळली जाऊ लागली. पुनर्वापरातून संस्कृती आली नाही, पण अंमल वाढला. १८८७ मध्ये भारतात आलेल्या एच. जी. मीकिन यांनी दार्जिलिंग, डलहौसी यांच्यासोबत खडकीतही ब्रुअरी उभारली. ठिकाणे निवडण्याची रीत सोपी होती : जिथे गोऱ्या सैनिकांची छावणी, तिथे ब्रुअरी.

स्वातंत्र्यानंतर महाराष्ट्रात या उद्योगाला कायद्याचे भक्कम अधिष्ठान लाभले. ते १९४९ च्या दारूबंदी कायद्याचे. राज्यात बिअर बनवायची परवानगी याच कायद्याखालच्या १९६६ च्या नियमांनुसार मिळते. पिणाऱ्यालाही परवाना लागतो. थोडक्यात, दारू बंद आहे आणि तिचे नियमन उत्तम चालले आहे.

पुनर्वापराच्या इतिहासात महाराष्ट्राचे खरे योगदान मात्र मुंबईत घडले. इथे नियमच उलटा झाला : आधी कापड, मग बिअर. कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये पहिल्या कापड गिरणीची कंपनी स्थापन केली आणि पुढच्या शतकात लालबाग-परळचे गिरणगाव झाले. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागे घेतल्याची घोषणा कधीच झाली नाही. त्यामुळे नियमावर बोट ठेवणाऱ्या माणसाला कामगार अजून संपावर आहेत असे म्हणता येईल. फक्त ज्यावर जायचे ते काम उरलेले नाही.

उरली गिरण्यांची जमीन. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील कलम ५८ नुसार तिचे ढोबळ तीन वाटे ठरले : एक महापालिकेच्या मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाच्या घरांसाठी, एक मालकासाठी. २००१ च्या दुरुस्तीने या हिशेबात तत्त्वज्ञानाची भर पडली. वाटणी मोकळ्या जमिनीचीच, आणि इमारत पाडून जी मोकळी होते ती मोकळी नव्हे, असे ठरले. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. शाळेतल्या भूमितीला हे प्रमेय अजून ठाऊक नाही.

पुढची प्रगती वेगाने झाली. राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाने ज्युपिटर मिल २००५ मध्ये २७६ कोटी रुपयांना विकली. तिथे टॉवर झाला आणि त्या टॉवरमध्ये २०१४ साली 'व्हाइट आउल' ब्रुअरी सुरू झाली. मथुरादास मिलच्या आवारात बंगळूरच्या 'टॉइट'चा ब्रुअरी-पब आला. साचेखात्याच्या जागी तांब्या-पोलादाच्या टाक्या बसल्या. जवाचा माल्ट भरडायचा, गरम पाण्यात मुरवायचा, गाळलेला रस हॉप्स घालून उकळायचा, निववून त्यात यीस्ट सोडायचे : हे सर्व काम काचेमागून दिसते. गिरणीत काम करणारा माणूस बाहेरून दिसत नसे, ही उणीव अशी भरून निघाली. गिरणी कामगारांच्या घरांची पहिली सोडत जून २०१२ मध्ये निघाली. घरे ६,९२५, अर्जदार एक लाखाहून अधिक. बिअर मुरायला काही आठवडे पुरतात, घराला पिढी लागते.

मराठवाड्यात ब्रुअऱ्या आहेत, पण त्या छत्रपती संभाजीनगरच्या (पूर्वीच्या औरंगाबादच्या) औद्योगिक वसाहतींत चालू स्थितीत असल्याने पुनर्वापराचा प्रश्न उद्भवत नाही. दुष्काळामुळे लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी येत होते त्या एप्रिल २०१६ मध्ये त्यांच्या पाण्याचा प्रश्न मात्र उद्भवला. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मद्य उद्योगांची पाणीकपात आधी ५० आणि १० मेपासून ६० टक्के केली. एक लिटर बिअरला साधारण चार-पाच लिटर पाणी लागते. कपातीचा हिशेब शासनाला न्यायालयाने करून दिला.

त्याच मराठवाड्यातल्या परभणी जिल्ह्यातील पिंगळी या गावाच्या वाट्याला यातले काहीच आले नाही. गावात ब्रुअरी नाही. पिंगळेश्वराच्या मंदिराजवळ जुनी बारव आहे. तिच्यावर टॉवर उठत नाही, तिला परवाना लागत नाही आणि तिचा पुनर्वापर एकाच प्रकारे होतो : गाळ काढला की पाणी साठते. एवढ्या साध्या योजनेत कोणाचाच वाटा नसल्याने तिच्यासाठी स्वतंत्र कलम करावे लागलेले नाही.