जुनं ते नव्यात

14 ऑक्टोबर 2025 ला मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 चे नेहमीचे अपडेट थांबवले आणि न्यू जर्सीत, एडिसनच्या मराठी घरांत नव्या लॅपटॉपची खरेदी निघाली. जुन्या मशीनमधलं फाइलींचं सामान नव्यात हलवायला विंडोज एक्सपीत विझार्ड होता, व्हिस्टात 'ईझी ट्रान्सफर' आलं. विंडोज 10 मध्ये तेही काढून टाकलं. फारच ईझी झालं असावं! मग एक्स्टर्नल डिस्क. 'न्यू फोल्डर', 'न्यू फोल्डर 2', कॉस्टकोची जुनी कुपनं, सगळं सुखरूप पोचतं. मराठी मंडळाची स्मरणिका उघडली की मात्र नुसती आडवीतिडवी रोमन अक्षरं, कारण श्रीलिपीचे मराठी फॉन्ट जुन्याच मशीनमध्ये राहिले. अध्यक्षांचं मनोगतही त्यातच अडकलंय. अद्याप कुणाची तक्रार नाही.