टक्

देवबागला होडी बंद पडली की डॉक्टरांना तोटा नसतो. किल्ली फिरवली, इंजिनातून 'टक्' असा एकच आवाज आला आणि पुढे सगळं ढिम्म, की माडाखाली बसलेली मंडळी उठतात आणि लांबूनच निदान करतात, "बॅटरी गेली आसतली." मासळीची पाटी घेऊन निघालेली मावशीसुद्धा न थांबता तेच सांगून जाते. नव्या बॅटरीचे पैसे यांपैकी कुणालाच द्यायचे नसल्यामुळे मतभेदाला जागाच उरत नाही.

पैसे द्यायचे असतात मला आणि माझ्या चुलतदादाला. डॉल्फिन दाखवणाऱ्या या फायबरच्या होडीचे आम्ही निम्मे-निम्मे मालक. म्हणून आधी मीटर लावतो. १२.६ व्होल्ट. म्हणजे बॅटरी भरलेली, १२.२ ला ती निम्मी झाली असं समजतात. तरीही सेल्फ मारला की टक्.

मग वायरिंगचं झाकण उघडावं लागतं. होडीबरोबर वायरिंगचा नकाशा आला होता. त्यातलं आता होडीत शिल्लक आहे ते फक्त इंजिन. बाकीच्या वायरी ज्याच्या हाताला जे लागलं त्याने टाकलेल्या. पाणी उपसायच्या पंपाला गणपतीच्या माळेतून उरलेली हिरवी वायर, हॉर्नला दारावरच्या घंटीची, आणि एक पिवळी वायर अशी, की तिचं दुसरं टोक आजवर कुणी पाहिलेलं नाही. दादा म्हणतो तिला हात लावू नकोस, तिच्यावरच सगळं चाललंय.

सूचना होडीने आधीच दिल्या होत्या. हॉर्न दाबला की डावीकडचा लाल आणि उजवीकडचा हिरवा दिवा मिणमिणायचे. पंप सुरू झाला की पेट्रोलचा काटा वर चढायचा. पेट्रोल न भरता टाकी भरणारी पंचक्रोशीतली ही एकमेव होडी! अशी चार दुखणी दिसली तरी मूळ बहुधा एकच असतं. सगळ्यांच्या निगेटिव्ह वायरी एका पट्टीवर जमतात, आणि ती पट्टी गंजली की एकाची वीज दुसऱ्याच्या वायरीतून परत जायला बघते. पट्टी पॉलिश पेपरने घासली. दिवे सुधारले, काटा खरं बोलायला लागला. इंजिन मात्र टक्.

या गंजाचं मूळ मिठात. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. व्होल्टा या शास्त्रज्ञाने १८०० साली जस्त आणि चांदीच्या चकत्यांमध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेले तुकडे ठेवून पहिली बॅटरी केली. आमच्या होडीत तांब्याची वायर, पितळी नट, अॅल्युमिनियमचं इंजिन आणि वर खारा शिडकावा आहेच. हा प्रयोग आमच्याकडे रात्रंदिवस फुकट चालतो. वीज कामाची मिळत नाही, हिरवी भुकटी तेवढी मिळते.

आणि मीटर? मीटरचं विचारणं म्हणजे लग्नात भेटलेल्या नातेवाइकाचं "काय, बरं आहे ना?" कोण नाही म्हणणार? खरी परिस्थिती कळते ती उसने पैसे मागितल्यावर. डिजिटल मीटर विजेचा जेमतेम थेंब मागतं, त्यामुळे वायरची एक तार जरी शाबूत असली तरी ते खुशाल १२.६ दाखवतं. सेल्फ शंभरेक अँपिअर मागतो. तेव्हा सांध्यात ओहमच्या विसाव्या भागाएवढा अडथळा असला, तरी तो एकटाच पाच व्होल्ट खाऊन बसतो.

म्हणून मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूवर धरली आणि दादाला म्हटलं, "मार सेल्फ." इथे आकडा अर्ध्या व्होल्टच्या आत हवा. आला पाचाच्या आसपास. निगेटिव्ह वायरीच्या इंजिनाकडच्या टोकाचा लग हाताला गरम लागत होता. वरून चकचकीत, टेपने गुंडाळलेला. टेप सोलली तर आत हिरवा चुरा, आणि वायर कापत मागे गेलो तर वीतभर तांबं काळं पडलेलं. पावसाळ्यात होडी झापाखाली झोपली होती, मीठ नव्हतं झोपलं.

कथील चढवलेली नवी वायर, दाबून बसवलेला नवा लग, वर आवळून बसणारी नळी. किल्ली फिरवली आणि इंजिन पहिल्याच फटक्यात लागलं. माडाखालून आवाज आला, "मी सांगलंय मा, बॅटरीच ती! चार्ज झाली बघ."

तुमची होडी टक् करून थांबली, तर बॅटरीच्या दुकानाची वाट धरण्यापूर्वी लिव्हर न्यूट्रलला आहे ना, ते पाहा आणि निगेटिव्हचा जाड लग सोडून बघा. फक्त पान्याला हात घालायच्या आधी किल्ली बंद करा आणि पेट्रोलचा वास येत नाही ना, याची खात्री करून घ्या.