डिपॉझिटराव

मित्रमंडळींच्या परदेश सहलीत एक डिपॉझिटराव असतातच. वय साठीच्या अल्याडपल्याड, उभी नोकरी बँकेत किंवा ऑडिटात गेलेली, कमरेला पासपोर्टचा पट्टा. बाकीचे न्यूझीलंडला डोंगर बघायला जातात, हे भाड्याची गाडी जशीच्या तशी परत करायला जातात.

क्राइस्टचर्च विमानतळावर गाडी घेताना काउंटरवरची मुलगी हसत सांगते, गाडीला काही झालं तर पहिल्या तीन-चार हजार डॉलरपर्यंतचा खर्च तुमचा. रोज तीसेक डॉलर जादा भरलेत तर तुमच्यावर काही नाही. डिपॉझिटराव मनात पन्नासने गुणतात. दिवसाचे दीड हजार रुपये, बारा दिवस! "न पडलेल्या ओरखड्याचे अठरा हजार?" असं म्हणून ते बाणेदारपणे नकार देतात. मग ती क्रेडिट कार्ड मागते. डेबिट कार्ड नको, मुलाचंही नको. गाडी ज्याच्या नावावर, कार्डही त्याचंच हवं. डिपॉझिटचे पैसे कापत नाहीत, नुसते 'होल्ड' म्हणून अडवून ठेवतात. पण तेवढं लिमिट गेल्याचा मेसेज आला, की डिपॉझिटरावांची सहल संपली आणि ड्यूटी सुरू झाली असं समजावं.

पार्किंगमध्ये मोबाईल चालू ठेवून गाडीला सावकाश प्रदक्षिणा होते. सोबत धावतं समालोचन : "मागचं डावं दार. हँडलखाली नखाएवढा ओरखडा. आपला नाही." टप आणि गाडीचं पोट यांना साध्या संरक्षणात बहुधा जागा नसते, हे त्यांनी बारीक अक्षरांत वाचलेलं असतं. म्हणून सेल्फी स्टिक उंच धरून टपाचं चित्रण होतं आणि विमानात वाचलेला पेपर अंथरून, त्यावर आडवं होऊन, पोटाचं. मंडळींनी दुसरी गाडी घेतलेली असते, तिचंही न सांगता उरकतात. ती मंडळी एव्हाना कॉफी प्यायला गेलेली.

वाटेत करारपत्राचं प्रकट वाचन. क्वीन्सटाउनजवळच्या स्किपर्स रोडवर गाडी नेली तर संरक्षण रद्द. नाइन्टी माइल बीचवर नेली तरी रद्द. तो बीच उत्तरेच्या बेटावर, ही मंडळी दक्षिणेच्या, मध्ये समुद्र. तरी "लक्षात असू द्या" हे आहेच. त्यातच त्यांना कळतं, की आपल्याकडे कायद्याने सक्तीचा असलेला थर्ड पार्टी विमा या देशात सक्तीचा नाही. माणसाला अपघातात लागलं तर 1974 पासून सरकारी भरपाई योजना आहे, पर्यटकालाही लागू. चूक कुणाची हेसुद्धा विचारत नाहीत. गाड्यांचं मात्र ज्याचं त्याने बघायचं. यावर डिपॉझिटराव बायकोला सांगतात, "तुला लागलं तर सरकार बघेल. तू दार सांभाळ."

दाराचा त्यांनी धसकाच घेतलेला असतो. तिथला वारा उघडतं दार हिसकून बिजागरीतून वाकवतो, म्हणून गाडी थांबली की हे आधी उतरतात, पलीकडे जातात आणि दोन्ही हातांनी दार धरून बायकोला अदबीने उतरवतात. लग्नाला पस्तीस वर्षं झालेली. पहिले दोन दिवस त्या माउलीचा गोड गैरसमज होतो.

खरी कसोटी मिलफर्ड साउंडच्या रस्त्यावर. होमर बोगद्याच्या सिग्नलला गाड्या थांबतात आणि केआ येतात. हे हिरवे डोंगरी पोपट गाडीचं रबर आणि वायपर चोचीने उचकटण्यात पटाईत. पुन्हा कायद्याने संरक्षित, म्हणजे हाकलायचं तेही अहो-जाहो करत. सगळे पक्ष्याचे फोटो काढतात, डिपॉझिटराव रबराचे. "अहो, किती सुंदर आहे!" असं बायको म्हणते तेव्हा ते करारात पोपटाचं कलम शोधत असतात.

शेवटच्या दिवशी टाकी काठोकाठ भरून, पावतीचा फोटो काढून, गाडी पुसून ते चावी देतात. घेणारा पोरगा गाडीकडे ढुंकूनही बघत नाही, "ऑल गुड" म्हणतो. हा अपमान त्यांना सोसत नाही. ते त्याला हाताला धरून गाडीभोवती फिरवतात.

पुण्यात आल्यावर होल्ड सुटेपर्यंत रोज सकाळी चहाआधी बँकेचं ॲप उघडलं जातं. तो सुटतो. आणि मग दुसऱ्या गाडीवाल्यांना ईमेल येतं, की तुमचा मागचा बंपर खरचटलेला आहे, खर्च कार्डावर लावत आहोत. सहलभर हसलेली ही मंडळी तोंड पाडून डिपॉझिटरावांच्या दारात उभी राहतात. व्हिडिओत बंपर आहे, ओरखडा आहे, तारीख-वेळ आहे आणि मागून खणखणीत आवाज आहे : "हा यांचा नाही." व्हिडिओ पाठवला जातो, कंपनी पैसे परत करते.

तेव्हा न्यूझीलंडला जाणार असाल तर असा एक माणूस जरूर बरोबर न्या. दोन गाड्या घ्या. बसा मात्र दुसरीत.