फोटो फुटतोय, ओरिजिनल पाठवा

दुसऱ्याच्या फोटोवर मत देणे हे हल्ली प्रत्येक सज्ञान नागरिकाचे कर्तव्य झाले आहे, पण त्याचे प्रशिक्षण कुठेच मिळत नाही. मोटारसायकल चालवायला लायसन लागते, बियाणे आणि खत विकायला परवाना लागतो. मत तेवढे विनापरवाना, विनातपासणी आणि बाराही महिने बाजारात येते. ही उणीव दूर करण्यासाठी प्रस्तुत मार्गदर्शिका जालना जिल्ह्याच्या आठही तालुक्यांना लागू करण्यात येत आहे. इतर जिल्ह्यांनी ती स्वतःच्या जबाबदारीवर वापरावी. मार्गदर्शिकेत कलम एकच आहे: फोटोला काय काम करायचे होते हे समजल्याशिवाय तोंड उघडू नये, आणि समजल्यावर ते काम कुठे अडले व कसे सुटेल, एवढेच बोलावे. पुढचे सगळे या कलमाचे स्पष्टीकरण आहे. घाईत असलेल्या वाचकाने इथेच थांबले तरी शासनाची हरकत नाही.

आधी सध्या चालू असलेल्या संप्रदायांचा परिचय. पहिला संप्रदाय ‘कडक’, ‘एक नंबर’, ‘लय भारी’ वाल्यांचा. यांचे मत फोटो उघडण्याआधीच तयार असते, त्यामुळे वेळेची बचत होते. दुसरा संप्रदाय ‘कॅमेरा कोणता?’ असे विचारणाऱ्यांचा. जालन्यात तो फोफावला यात नवल नाही. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली महिको या बियाणे कंपनीची सुरुवात याच शहरात केली, आणि तेव्हापासून बियाण्याच्या या गावात बांधावरून जाणारा माणूस पीक बघून आधी वाणच विचारतो. परंतु एकच वाण एकाच दिवशी शेजारच्या दोन वावरांत पेरले तरी दोन तऱ्हेचे उगवते, हेही इथल्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. जमीन, पाणी आणि हात मध्ये येतात. फोटोच्या बाबतीत हा हात सोयीस्करपणे विसरला जातो. तिसरा संप्रदाय नियमवाल्यांचा. चौकटीचे उभे-आडवे तीन भाग करा, माणूस मधोमध ठेवू नका, क्षितिज मध्यावर आणू नका, हा त्यांचा मंत्र. हा एक-तृतीयांशाचा नियम जॉन थॉमस स्मिथ या इंग्रज चित्रकाराने १७९७ साली निसर्गचित्रांविषयी लिहिताना मांडला. फोटोग्राफीचा शोध जगासमोर जाहीर झाला १८३९ साली. म्हणजे बाळ जन्माला येण्याच्या ४२ वर्षे आधी त्याने कुठे उभे राहायचे हे ठरले होते, आणि आजही पासपोर्ट फोटो बघून ‘चेहरा जरा डावीकडे हवा होता’ म्हणणारे जाणकार आपल्यात आहेत.

तिन्ही संप्रदायांना जे जमले नाही ते फ्लेक्सच्या दुकानात रोज चार शब्दांत होते. वाढदिवसाच्या बॅनरसाठी कार्यकर्ता भाऊंचा फोटो पाठवतो आणि संगणकासमोरचा मुलगा मान वर न करता सांगतो, ‘फोटो फुटतोय, ओरिजिनल पाठवा.’ या वाक्याचा अभ्यास अभ्यासक्रमात सक्तीचा करावा अशी शिफारस आहे. पहिल्या दोन शब्दांत दोष आहे, पुढच्या दोन शब्दांत उपाय आहे, आणि न उच्चारलेल्या भागात फोटोचे काम आहे: तो दहा फुटांवर ताणला जाणार आहे. व्हॉट्सअ‍ॅपवरून साधा फोटो पाठवला की तो लहान करून पाठवला जातो. हातातल्या पडद्यावर हे कळत नाही. दहा फुटांवर मात्र तेच ठिपके ताणले जातात आणि भाऊंचा कान चौकोनी विटांचा ढीग दिसू लागतो. म्हणून फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवायचा. मुलाने भाऊंच्या चेहऱ्यावर, गॉगलवर किंवा राजकीय भवितव्यावर काहीही टिप्पणी केली नाही, हेही लक्षात घ्यावे. त्याला मते नसतील असे नाही. ती बॅनरच्या कामाची नाहीत, एवढेच.

दुसरा पुरावा शेतातला. १५ ऑगस्ट २०२१पासून महाराष्ट्रात ई-पीक पाहणी सुरू झाली आणि सातबाऱ्यावर पिकाची नोंद करण्यासाठी शेतकऱ्याने स्वतः पिकाचा फोटो काढून चढवायचा, अशी पद्धत आली. किमान १० टक्के नोंदी तलाठ्याने तपासाव्यात असेही ठरले. आता समजा, कोणी मावळत्या सूर्यासमोर कपाशीची काळी आकृती टिपली. आकाश केशरी, बोंडे काळीभोर, नियमवाल्यांच्या हिशेबात क्षितिजही योग्य जागी. स्टेटसला ठेवली तर हीच कपाशी शंभर ‘कडक’ मिळवील. पण पाहणीसाठी ती कपाशी आहे की तूर, हेच दिसत नसेल तर फोटो व्यर्थ. फोटो तोच, कामे दोन, म्हणून निकालही दोन. यावरून असे सिद्ध होते की ‘फोटो चांगला आहे’ हे वाक्य ‘माणूस उंच आहे का’ या प्रश्नाला ‘हो, मंगळवारी’ असे उत्तर देण्याइतकेच अर्थपूर्ण आहे. उलट बाजूही पाहावी. २०१२-१३च्या दुष्काळात या जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या, कित्येकांनी त्या तोडून टाकल्या. वाळक्या बागेच्या फोटोखाली ‘फांद्यांचा पोत सुरेख आलाय’ असे लिहिणारा कलेविषयी खरे बोलत असतो, आणि तरीही त्याला बांधावरून हाकलणे न्याय्य ठरते.

आता प्रात्यक्षिक. अंबडच्या मत्स्योदरी देवीचे देऊळ ज्या टेकडीवर आहे, तिचा आकार माशासारखा, म्हणून देवीचे हे नाव, असे सांगतात. समजा, कोणी देवळाच्या आवारात उभे राहून कळसाचा फोटो काढला आणि खाली लिहिले, ‘माशाच्या आकाराची टेकडी’. शिकाऊ उमेदवाराने प्रथम दहा अंक मोजेपर्यंत गप्प बसावे. नंतर विचारावे, ‘यात कळस दाखवायचा होता की मासा?’ उत्तर ‘कळस’ आले तर फोटोबद्दल बोलण्यासारखे काही नाही, ओळ बदलायला सांगावी. उत्तर ‘मासा’ आले तर म्हणावे, ‘माशाच्या पाठीवर बसून मासा दिसत नाही, खाली उतरून लांबून घ्या.’ एवढ्यावर थांबावे. आभाळ पांढरे पडले आहे, कोपऱ्यात कोणाची तरी चप्पल आली आहे, हे दिसले तरी गिळावे, कारण पाच दोष एकदम ऐकलेला माणूस एकही सुधारत नाही. तो फक्त पुढच्या वेळी आपल्याला दाखवत नाही. जो दोष आता दुरुस्त होणार नाही आणि पुन्हा उद्भवणारही नाही, त्याचा उच्चार दंडनीय समजावा. वरात निघून गेल्यावर ‘मंगलाष्टकांच्या वेळी नवरीच्या डोक्यामागे मंडपाचा खांब आलाय’ असे कळवल्याने लग्न पुन्हा लागत नाही. एडिटिंग बाकी असेल आणि चौकट कापून खांब जाणार असेल, तर मात्र त्याच दिवशी कळवावे.

या मार्गदर्शिकेवर काही आक्षेप येतील. पहिला: लोक फोटो टाकतात ते कौतुकासाठी, परीक्षेसाठी नव्हे. आक्षेप मान्य, आणि कलमाला धरूनच मान्य. बारशाचा, लग्नाचा, नव्या ट्रॅक्टरला हार घातल्याचा फोटो हा निरोप असतो. निरोपाचे काम पोचण्याचे. तो पोचला की आशीर्वाद द्यावा, प्रकाशयोजनेवर बोलू नये. दुसरा: फोटो ही कला आहे, तिला कसले आले काम? पण आनंद देणे हेही कामच. घाणेवाडी तलावावर पहाटे जाऊन पक्षी टिपणाऱ्याला त्या पक्ष्याची पिसे दाखवायची होती की त्या पाण्याचा एकटेपणा, हे विचारले तर कलेचा अपमान होत नाही. पिसे दाखवायची असतील तर ठिपक्याएवढा पक्षी हा दोष. एकटेपणा दाखवायचा असेल तर तोच ठिपका फोटोचा प्राण. तिसरा आक्षेप सर्वांत जुना: ‘आधी स्वतः काढून दाखव.’ मोसंबी आंबट आहे हे सांगायला बाग लावावी लागत नाही. मात्र ती आंबट का झाली हे सांगायला बागेत जावे लागते. तेव्हा ज्याने कधी फोटो काढला नाही त्याने चव सांगावी, कारण सांगू नये. ‘माझी नजर आधी मागच्या पोस्टरवर गेली’ एवढे तो प्रामाणिकपणे सांगू शकतो, आणि बहुतेकदा तेवढेच उपयोगी असते.

शेवटी आधार म्हणून घनसावंगी तालुक्याचा दाखला देणे क्रमप्राप्त आहे. जांब येथे १६०८ साली जन्मलेल्या समर्थ रामदासांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकात आधी मूर्खाची लक्षणे सांगितली आणि त्याच दशकाच्या शेवटच्या समासात पढतमूर्खाची. आपल्या जाणतेपणाच्या बळावर सगळ्यांना नावे ठेवणारा आणि जिथे तिथे उणे पाहणारा, हे त्या पढतमूर्खाचे एक लक्षण. फोटोग्राफी यायला तेव्हा जवळजवळ दोन शतके अवकाश होता, तरी वर्णन आजच्या फोटोपरीक्षकाला मापाने शिवल्यासारखे बसते. म्हणून अभिप्राय पाठवण्यापूर्वी एक चाचणी घ्यावी: यातले फोटो काढणाऱ्याला उद्या करता येईल असे काय आहे, आणि माझे ज्ञान दाखवणारे काय आहे? दुसरे खोडावे, पहिले पाठवावे. खोडल्यावर काहीच उरले नाही तर नुसता अंगठा उमटवावा. आपल्याकडे सहीऐवजी अंगठा लावण्याची परंपरा जुनी आहे, आणि पढतमूर्खापेक्षा अंगठाबहाद्दर केव्हाही बरा. तो निदान जेवढे येते तेवढेच उमटवतो.