किती वाजले हो?

“किती वाजले हो?”

गेल्या दीड वर्षात हा प्रश्न मला निदान पाचशे वेळा विचारला गेला असेल. विचारणाऱ्या गृहस्थांकडे अडीच लाखांचं स्विस घड्याळ आहे.

बापूसाहेब आमचे शेजारी. डोंबिवली पूर्व, तिसरा मजला, दारासमोर दार. बँकेतून निवृत्त झाले, फंडाच्या पैशांतून आयुष्यातली एकमेव चैन केली आणि त्या दिवसापासून त्यांना वेळ कळेनाशी झाली.

तुम्ही त्यांना ओळखता. टीव्हीचा रिमोट प्लास्टिकच्या पिशवीत घालून वर रबरबँड लावणारे ते हेच. सोफ्याला कव्हर, कव्हर मळू नये म्हणून वर चादर आणि पाहुणे आले की चादरीवर टॉवेल अंथरणारेही हेच. सोफ्याचा मूळ रंग कोणता, हे वहिनींनाही छातीठोकपणे सांगता येत नाही.

घड्याळ आलं त्या संध्याकाळी मला दर्शनाला बोलावणं आलं. दर्शनच ते. “बघा, पण हात मागे ठेवून बघा.” बकलवर कारखान्यातून आलेली पातळ फिल्म होती. मी भाबडेपणाने तिचा कोपरा नखाने उचलला, तर बापूसाहेब असे ओरडले की वहिनी हातात लाटणं घेऊन बाहेर आल्या. फिल्म आजही जागेवर आहे. कोपरे वळलेत, आत घाम शिरून ती पिवळी पडली आहे आणि लांबून पाहणाऱ्याला बकल भाजल्यासारखं दिसतं. पण आतलं पोलाद कोरं आहे, असं बापूसाहेब सांगतात. पाहिलं त्यांनीही नाही.

“ओरखडा कशाने पडतो, सांगा बरं?” एकदा त्यांनी माझी परीक्षा घेतली.

“किल्ल्यांनी?”

“धुळीने!” मग जिन्यातच व्याख्यान झालं. १८१२ साली फ्रीडरिश मोहस नावाच्या जर्मन खनिजतज्ज्ञाने कठीणपणाची मोजपट्टी तयार केली. तिच्यात संगजिरं एकवर, हिरा दहावर. घड्याळाची काच कृत्रिम नीलमाची, म्हणजे नऊ. वाळूतला क्वार्ट्झ सात. आणि घड्याळाच्या अंगाचं पोलाद त्याच्याही खाली. “म्हणजे काचेला काही होत नाही. पण धुळीचा एक कण पोलादावर घासला, की संपलं!”

डोंबिवलीत राहून धूळ चुकवायची म्हणजे समुद्रात राहून मीठ चुकवण्यासारखं. पण बापूसाहेबांनी उपाय काढले. डाव्या मनगटाचा कफ शिंप्याकडून एक इंच सैल करून घेतला. स्टेशनात शिरण्याआधी घड्याळ काढून धुतलेल्या मोज्यात आणि मोजा खिशात. गाडीतल्या कड्या-दांड्यांचा त्यांना भरवसा नाही. मग ठाण्यापर्यंत चौथ्या सीटवरच्या माणसाला विचारायचं, “किती वाजले हो?” गणपतीच्या आरतीला सगळी सोसायटी टाळ्या वाजवत असते, बापूसाहेब उजव्या हाताने मांडीवर ताल धरतात. डावा हात तेवढा वेळ खांद्याच्या उंचीवर, निवडून आलेल्या नगरसेवकासारखा.

यात आणखी एक मेख आहे. घड्याळ ऑटोमॅटिक. मनगट हललं की आतली अर्धगोल चकती फिरते आणि स्प्रिंगला चावी बसते. हाताला नसेल, तर दोन-तीन दिवसांत ते बंद पडतं. बापूसाहेबांचं घड्याळ आठवड्यातले सहा दिवस कपाटात असतं. त्यामुळे ते काढलं की बंद, आणि बंद घड्याळ लावायचं तर आधी वेळ माहीत हवी. म्हणून दार उघडतं: “किती वाजले हो?” चकती आखडू नये म्हणून ते रोज सकाळी पेटी मांडीवर घेऊन हलक्या हाताने डोलवतात. वहिनी म्हणतात, “आमच्या दोन्ही मुलांना ह्यांनी कधी असं खेळवलं नाही.”

माझ्या हाताला माझं जुनं एचएमटी. १९६१ साली जपानच्या सिटिझनच्या मदतीने बंगळुरात सुरू झालेल्या कारखान्याचा हा वारसा. काच ॲक्रिलिकची, त्यामुळे ओरखडे भरपूर. फारच झाले की टूथपेस्ट घेऊन कापडाने घासतो, काच पुन्हा लख्ख. बापूसाहेबांना हा प्रकार अघोरी वाटतो. पण वेळ ते त्याच घड्याळाकडून घेतात.

मी एकदा त्यांना पॉल न्यूमनची गोष्ट सांगून बघितली. या हॉलिवूडच्या नटाने वर्षानुवर्षं वापरलेलं रोलेक्स डेटोना २०१७ साली न्यूयॉर्कच्या लिलावात पावणेदोन कोटी डॉलरच्या वर गेलं. “वापरलेलं, बापूसाहेब! त्याच्या बायकोने तर मागच्या बाजूला ‘गाडी जपून चालव’ असं कोरून दिलं होतं. म्हणजे मुद्दाम ओरखडे पाडून घेतले.”

बापूसाहेब शांतपणे म्हणाले, “बघा. तिनेही जपायलाच सांगितलं होतं.”

वर त्यांनी मलाच इतिहास ऐकवला. हिंदुस्थानात पोलो खेळणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्यांच्या घड्याळांच्या काचा फुटायच्या, म्हणून स्विस लोकांनी १९३१ साली ‘रिव्हर्सो’ काढलं. खेळताना डायल उलटी करून आत वळवायची, बाहेर फक्त धातूची पाठ. “जपण्याची ही कला आपल्या मातीतून गेली आहे.”

“पण डायल आत वळवल्यावर वेळ कशी बघायची?”

“विचारायची कुणाला तरी,” बापूसाहेब म्हणाले.

मागच्या श्रावणातली गोष्ट. बापूसाहेबांना एका रिसेप्शनला जायचं होतं. घड्याळ बाहेर निघालं, अर्थातच बंद. दार उघडलं. “किती वाजले हो?” मी म्हटलं, सहा चाळीस. त्यांनी चावी ओढून काटे लावले, सेकंदकाट्यासकट. मी दार लावून आत वळलो, तर देवापाशी वाती करत बसलेली आई काहीतरी बोलत होती आणि मला एक शब्द कळत नव्हता. तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. कापूस हातातून सुटला होता.

मी काय ओरडलो, ते मला आठवत नाही. बापूसाहेब आत आले तेव्हा अंगात रिसेप्शनचा सिल्कचा झब्बा होता. लिफ्ट आठवडाभर बंद. आईला खुर्चीत बसवून ओढणीने बांधलं, पुढून मी आणि मागून बापूसाहेब. आमच्या जिन्याची वळणं अरुंद, भिंतींना खरबरीत गिलावा. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर मला खर्र असा लांबलचक आवाज आला. वाळू, सात. पोलाद, त्याच्या खाली. मी वर पाहिलं. बापूसाहेबांनी मनगटाकडे नजरसुद्धा टाकली नाही. “डावीकडे घ्या,” एवढंच म्हणाले.

रुग्णालयात डॉक्टरीणबाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, “हे नेमकं किती वाजता सुरू झालं?” मेंदूत गुठळी असेल तर ती विरघळवणारं इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच देता येतं, त्यामुळे त्यांना अंदाज नको होता, वेळ हवी होती. माझं डोकं कोरं. संध्याकाळ होती, एवढंच मला सांगता येत होतं.

“सहा बेचाळीस,” मागून बापूसाहेब म्हणाले. “सहा चाळीसला ठीक होत्या. मी तेव्हाच घड्याळ लावलं.”

माझ्याचकडून पाचशे वेळा उसनी घेतलेली वेळ त्या माणसाने अशी एकरकमी परत केली. आई आता बोलते. थोडं सावकाश बोलते, पण बापूसाहेबांच्या सोफ्याबद्दल जे म्हणायचं ते म्हणतेच.

महिन्याभराने मी भीतभीतच त्यांच्याकडे विषय काढला. ओरखडा चांगला बोटाच्या पेराएवढा, खोल. पॉलिशचा खर्च मी देतो म्हटलं. बापूसाहेब म्हणाले, “पॉलिश करताना ओरखडा भरत नाहीत हो. आजूबाजूचं पोलाद घासून त्याच्या पातळीला आणतात. तेवढं घड्याळ कमी होतं. राहू द्या.”

माझा गळा दाटून आला. माणूस बदलला, असं वाटलं. मी त्यांचा हात हातात घेऊन घड्याळाकडे नीट पाहिलं. ओरखड्यावर, त्याच्याच मापाने कापलेली, नवी कोरी पारदर्शक फिल्म होती.

“हे काय?”

“झिजेल ना तो,” बापूसाहेब म्हणाले, हात सोडवून घेतला आणि कफ खाली ओढला. मग जिन्याच्या खिडकीतून बाहेर पाहत विचारलं, “किती वाजले हो?”