झेंडा फडकवत कसे परतावे?

बारावीचा निकाल लागला की पेढ्यांबरोबर एक वाक्य हमखास वाटले जाते : ‘आमची विथ फ्लाइंग कलर्स पास झाली हो!’ हे कलर्स म्हणजे शिडाच्या लढाऊ जहाजावरचे झेंडे. ते फडकत कसे ठेवावेत, याची रीत ब्रिटिश आरमाराने घालून दिलेली आहे. ती इच्छुकांसाठी देत आहोत.

आधी झेंडा निवडावा. तो स्वतःचाच हवा असे नाही. शत्रूचा झेंडा लावून त्याच्या जवळ सरकण्यास त्या काळी मुभा होती. तोफ डागण्यापूर्वी मात्र खरा झेंडा चढवावा लागे. सभ्यपणा पाळायचा तो एवढाच.

मग आरमार जमवावे. नसेल तर आहे असे भासवावे. १७९७ साली खलाशांनी बंड केले आणि डच किनाऱ्यावर पहारा देणाऱ्या अ‍ॅडमिरल डंकनपाशी दोनच जहाजे उरली. गडी डगमगला नाही. क्षितिजापलीकडच्या, मुळात नसलेल्या जहाजांना तो निशाणांनी हुकूम सोडत राहिला आणि डच आरमार बंदरातच बसून राहिले. (‘वरपर्यंत बोलणं झालंय’ असे सांगणारे आपल्याकडचे कार्यकर्ते याच घराण्यातले.)

आता मुख्य कृती. त्याच वर्षी ११ ऑक्टोबरला कॅम्परडाउनच्या लढाईत डंकनच्या ‘व्हेनरेबल’ची डोलकाठी वरून तुटली आणि झेंडा खाली आला. झेंडा उतरला म्हणजे शरणागती. तो गोळ्याने पडला की कप्तानाने उतरवला, हे धुरात कोण बघतो? अशा वेळी साहेबाने स्वतः वर चढू नये. बाविशीतला एखादा खलाशी गाठावा. संडरलंडचा जॅक क्रॉफर्ड गोळ्यांच्या माऱ्यात तुटक्या काठीवर चढला, झेंडा खिळ्यांनी ठोकला आणि गाल फोडून घेऊन खाली आला. खिळेच का? दोरीवरचा झेंडा घाबरटालाही हळूच उतरवता येतो, ठोकलेला नाही. लढाई ब्रिटिशांनी जिंकली.

बक्षीसवाटप करताना दर्जा सांभाळावा. डंकनला उमरावपद आणि सालीना ३,००० पौंड मिळाले, क्रॉफर्डला ३०. शिवाय गावाने चांदीचे पदक दिले, ते पुढे गरिबीत त्याला विकावे लागले. १८३१ मध्ये तो कॉलऱ्याने गेला.

पुतळ्याची घाई करू नये. संडरलंडच्या बागेत तो १८९० साली उभा राहिला, झेंडा ठोकत असलेला. उद्घाटनाला उत्सवमूर्ती हजर राहण्याची शक्यता नव्हती, त्यामुळे वाढीव पेन्शनचा विषय निघाला नाही.