आठवणी तुमच्या, धक्का आमचा

प्रति,
‘आमच्या वेळच्या गाड्या’ या विषयावरचे समस्त वक्ते काका,
मुक्काम पोस्ट : कुठल्याही लग्नातली शेवटची पंगत

विषय : जुन्या गाड्या त्यांच्या सर्व खोडींसकट परत आणण्याच्या आपल्या मागणीस जाहीर पाठिंबा देण्याबाबत.

ती. काकांना सा. न.

पत्रास कारण की, जिलबी संपून मठ्ठा यायच्या आत तुमची गाडी हमखास चोकवर येते. ‘ती खरी गाडी! चोक ओढायचा, दोन मिनिटं गुरगुरू द्यायची, मग स्टिअरिंगवरच्या दांडीनं पहिला टाकायचा. पत्रा असा, की हातोडा मारला तर हातोडा वाकेल. आताच्या गाड्या म्हणजे मोबाइलला चाकं.’ ऐकणारे मान डोलावतात. २०२३च्या ऑक्टोबरअखेरीस वीस वर्षांची वयोमर्यादा संपून प्रीमियर पद्मिनीची शेवटची काळी-पिवळी मुंबईच्या रस्त्यावरून उतरली, तेव्हा तर तुमचा कंठ इतका दाटला, की त्या टॅक्सीत तुम्ही स्वतः शेवटचं कधी बसला होतात, हे विचारायचा कुणाला धीर झाला नाही. घरी जाताना तुम्ही ॲपवरून एसी गाडी मागवलीत, तीही आम्ही मुकाट्यानं पाहिली.

तेव्हा आम्ही, म्हणजे मागच्या सीटवरची मंडळी, काकू, आत्या, आजी आणि आम्ही पोरं, तुमच्या मागणीला बिनशर्त पाठिंबा देत आहोत. अट एकच. गाडी परत आणायची तर आख्खी आणा. तुमच्या आठवणीत फक्त पुढचा उजवा दरवाजा उघडतो. बाकीचे तीन आम्ही उघडून देतो.

चोकपासूनच सुरुवात करू. गार इंजिनाला सुरू होताना पेट्रोल जास्त आणि हवा कमी लागते. चोक ओढला की कार्ब्युरेटरच्या तोंडाशी असलेली झडप मिटते आणि हवा अडते. एवढंच ते गुपित. हेच काम इंजेक्शनची गाडी आता कुणाला न सांगता उरकते. तुमच्याकडे मात्र तो विधी होता. किती ओढायचा, किती वेळ ठेवायचा, हे ज्ञान आख्ख्या घरात तुम्हालाच. आणि तो परत आत ढकलायला विसरण्याचा अधिकारही तुमचाच. मग मागून काळा धूर, प्लग ओले, गाडी ‘ओव्हरफ्लो’. सेल्फ मारून मारून बॅटरी बसली, की खिडकीतून डोकं बाहेर काढून तुम्ही ते ऐतिहासिक वाक्य उच्चारायचात : ‘सगळे खाली उतरा.’

या ‘सगळ्यां’त तुम्ही कधीच नसायचात.

धक्कास्टार्टचं शास्त्र तुम्ही छान समजावता. किल्ली चालू, दुसरा गिअर, क्लच दाबून धरलेला. वेग आला की क्लच सोडायचा, मग चाकंच इंजिनाला फिरवतात. अगदी बरोबर. वेग आला कुठून, एवढाच तपशील गाळलेला असतो. तो आला होता लग्नाला निघालेल्या काकूच्या नारायणपेठी साडीतून, आमच्या शाळेच्या कॅनव्हास बुटांतून आणि पानाच्या टपरीवरच्या दोन अनोळखी माणसांच्या खांद्यांतून. बरं, गाडी सुरू झाली म्हणून तुम्ही थांबायचा नाहीत, कारण थांबली तर परत बंद पडेल. तुम्ही हळूहळू पुढे, आम्ही धावत मागे, आणि आजीला चालत्या गाडीत चढवायची जबाबदारी ज्याची त्याची.

आता घाटाकडे वळू. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पुरता खुला झाला २००२मध्ये. त्याआधी सगळी वाहतूक खोपोलीहून जुना घाट चढायची. शिंगरोबाला नाणं टाकायचं, हात जोडायचे आणि तापमानाच्या काट्याकडे बघत राहायचं. तेव्हाच्या गाड्यांत पेट्रोलचा पंप इंजिनालाच चिकटवलेला. चढणीवर इंजिन तापलं, की नळीतल्या पेट्रोलची वाटेतच वाफ व्हायची, आणि वाफ काही पंपाला ओढता येत नाही. गॅरेजवाल्यांच्या भाषेत ‘एअर लॉक’. उपाय, पंपावर ओलं फडकं. फडकं म्हणजे दशम्यांच्या डब्याभोवती बांधलेला आजोबांचा पंचा. पाणी म्हणजे आमचं प्यायचं पाणी, फिरकीच्या तांब्यातलं. खाली ठेवला तर वळणावर लवंडतो, म्हणून काकू तो तांब्या पनवेलपासून मांडीवर धरून बसलेली असायची. फिरकी उघडताना पितळेवर पितळ घासल्याचा आवाज यायचा. तो आला की पोरांना कळायचं, तहान लागली असली तर आता ती लोणावळ्यापर्यंत पुरवायची आहे. अर्धा तांब्या पंपाला, उरलेला रेडिएटरला. टोपणावर गोणपाट टाकून तुम्ही ते फिरवायचात, वाफेचा लोट उठायचा आणि तुम्ही दोन पावलं मागे सरून आमच्याकडे असं बघायचात, जणू गाडी आम्हीच तापवली.

शिवाय ठोकळा. हँडब्रेकवर तुमचा स्वतःचाच विश्वास नव्हता. म्हणून काकूच्या पायाशी एक लाकडी ठोकळा ठेवलेला असायचा, एका बाजूनं उतरता तासलेला, तेला-ग्रीसनं काळा पडलेला. चढावर गाडी बंद पडली, की तुम्ही ब्रेकवर पाय रोवून ‘ठोकळा! ठोकळा!’ असा पुकारा करायचात. काकू एका हातानं निऱ्या सावरत, दुसऱ्या हातानं ठोकळा घेऊन उतरायची आणि मागच्या चाकामागे वाकायची. गाडी निघाली की तो उचलून पळत येऊन बसायची. हाताला लागलेलं काळं पुसायला फडकंही नसायचं, ते पंपावर. हल्ली चढावर गाडी मागे घरंगळू नये म्हणून ‘हिल होल्ड’ नावाची सोय असते. अशा सोयींनी गाडी चालवण्याचं कसब संपलं, असं तुम्ही म्हणता. काकूचं संपलं, हे खरं आहे.

रिव्हर्सचंही तसंच. उजवीकडे एक आरसा. डावीकडचा म्हणजे वेगळे पैसे मोजून बसवायची चैन. मागचं दिसायचं नाहीच, म्हणून मागे आम्ही उभे : ‘येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या... बस, बस, बस!’ आणि डिकीवर थाप. गाडी भिंतीला लागली, तर चूक थाप मारणाऱ्याची. नाही लागली, तर हात तुमचा सफाईदार. १ जुलै २०१९पासून नव्या गाड्यांना मागचे पार्किंग सेन्सर सक्तीचे झाले आणि घरोघरची ही बिनपगारी नोकरी कायद्यानं बंद पडली. सेन्सरवर डाफरून उपयोग नसतो, ही त्याची एकच उणीव.

आणि ते पुढचं सलग बाकडं! गिअर स्टिअरिंगवर, त्यामुळे मधली जागा मोकळी; पुढे तिघं ऐसपैस बसायचे. मधलं पोर तर बसायचंही नाही, डॅशबोर्डाच्या लोखंडाला धरून उभं राहायचं. पट्टा नावाची वस्तू नाही. ‘आम्ही काय मेलो का?’ हा तुमचा या विषयावरचा लाडका सवाल. जे मेले, ते पंगतीत सवाल विचारायला येत नाहीत. जाड पत्र्याचा हिशेबही सरळ आहे. ठोकर बसल्यावर जो मार पत्र्यानं घेतला नाही, तो आत बसलेल्यांनी घेतला. आताच्या गाडीचं नाक चुरगळतं, कारण ते चुरगळण्यासाठीच बनवलेलं असतं. तुम्हाला त्यात कंजुषी दिसते. डॅशबोर्डापाशी उभ्या राहिलेल्यांना तशी दिसत नाही.

निवडीचा घोळ तेव्हा नव्हता, हेही मान्य. उत्तरपाड्याची अँबेसेडर, कुर्ल्याची फियाट, मद्रासची स्टँडर्ड. यादीत नाव लावायचं आणि नंबर यायची वाट बघायची. १९६४मध्ये लालबहादूर शास्त्रींनी पंतप्रधान असताना फियाट घेतली. किंमत बारा हजार. पाच हजार कमी पडले म्हणून पंजाब नॅशनल बँकेचं कर्ज काढलं. साधेपणाचा दाखला म्हणून तुम्ही हे सांगता, आणि तो आहेच. पण तुमची गोष्ट तिथंच थांबते. शास्त्रीजी जानेवारी १९६६मध्ये ताश्कंदला वारले, आणि ते कर्ज ललिता शास्त्री यांनी आपल्या पेन्शनमधून फेडलं. गाडी शास्त्रीजींची म्हणून सगळ्यांना ठाऊक आहे. हप्ते कुणी भरले, हे मुद्दाम विचारावं लागतं.

ही रीत मोटारीइतकीच जुनी आहे. १८८८च्या ऑगस्टमध्ये कार्ल बेंझची बायको बर्था, नवऱ्याला न सांगता, दोन मुलांना घेऊन त्याच्या तीनचाकी मोटारीतून मानहाइमहून फोर्झहाइमला, शंभरेक किलोमीटरवर, आईकडे गेली. इंधनाची नळी तुंबली, ती तिनं टोपीच्या पिनेनं साफ केली. ब्रेक झिजले, तेव्हा चांभाराकडून चामडं ठोकून घेतलं. चढावर मात्र मोटार जाईना, तेव्हा मुलांनी ती ढकलली. परत आल्यावर बर्थाबाईंनी ‘काय ती मजा’ असं भाषण केलं नाही. चढासाठी आणखी एक गिअर हवा, असं नवऱ्याला सांगितलं, आणि त्यानं तो बसवला. ढकलणाऱ्यांच्या बाजूनं बोलणारा माणूस आठवणी काढत बसत नाही, सुधारणा मागतो.

तर मग तुम्हाला चोकचा इतका उमाळा का? मला वाटतं, दुखणं चोकचं नाहीच. नवी गाडी तुमच्यावर ओरडते, हे ते दुखणं आहे. पट्टा लावला नाही की टिंगटिंग. ताशी ऐंशीच्या वर गेलात की अधूनमधून पिपाणी. एकशेवीसच्या वर गेलात की ती थांबतच नाही. हा २०१९चा नियम आहे, कंपनीचा आगाऊपणा नाही. आयुष्यभर गाडीत ओरडण्याचा हक्क एकाच माणसाला होता, तो डॅशबोर्डनं काढून घेतला. बॉनेट उघडून पॉइंटवर पॉलिश पेपर फिरवला आणि गाडी सुरू झाली, की तुम्ही अर्धा दिवस घरचे नायक असायचात. आता बॉनेट उघडलं तर प्लास्टिकचं झाकण दिसतं, आणि तुम्ही ते परत मिटता. तुम्हाला गाडी नकोय काका, तुम्हाला ती नेमणूक परत हवी आहे.

एक गोष्ट मात्र तुमची खरी आहे, आणि नेमकी तीच तुम्ही पंगतीत नीट सांगत नाही. त्या गाडीचा प्रत्येक खटका अंधारात हाताला सापडायचा. वायपर, दिवे, दाराची ती त्रिकोणी काच. नजर रस्त्यावर ठेवून सगळं करता यायचं. काच तिरकी केली की वारा थेट अंगावर, ना कॉम्प्रेसर ना गॅस. आता पंखा कमी करायचा तर पडद्यावर बोट, मग आतल्या पानावर बोट, आणि तेवढ्यात पुढचा ट्रक ब्रेक मारतो. युरोपात गाड्यांना सुरक्षेचे तारे देणारी युरो एनकॅप ही संस्था २०२६पासून इंडिकेटर, हॅझर्डचे दिवे, हॉर्न, वायपर आणि मदतीची हाक देणारी एसओएस सोय यांच्यासाठी हाताला लागणारी बटणं नि दांड्या असतील तरच पुरते गुण द्यायचं म्हणते. म्हणजे तुमचा वायपरचा खटका बरोबर होता. तसंच, पान्यांचा एक डबा असलेला रस्त्याकडेचा मिस्त्री ती गाडी उघडून दुरुस्त करू शकायचा. आताचा मिस्त्री हुशार असला, तरी कंपनीचा स्कॅनर त्याच्याकडे नसतो, म्हणून तो बॉनेट मिटून फोन नंबर देतो. यावर बोला की! टाळ्या आम्ही वाजवू.

सबब, आपल्या मागणीपत्रात पुढील दुरुस्ती सुचवत आहोत. खटके परत यावेत. ज्याची गाडी त्याला, आणि त्याच्या मिस्त्रीला, ती उघडता यावी. त्रिकोणी काच आली तर आजी खूश होईल, तिला एसीनं खोकला येतो. पट्टे, सेन्सर आणि पिपाणी आहेत तिथंच राहतील.

याउपर चोक आणि ठोकळ्यासकट आख्खी जुनी गाडीच हवी असेल, तर तीही मिळेल. तुमच्या एका मित्रानं एक झाकून ठेवलेली आहे, तिची बॅटरी बसलेली आहे. पुढच्या लग्नाला आपण तीच घेऊन जाऊ. चालवायला काकू. तिनं लायसन्स काढलंय, तुम्हाला सांगितलं नसेल. दुसऱ्या गिअरमध्ये क्लच नेमका कधी सोडायचा, हे तिला पक्कं ठाऊक आहे; मागून ढकलताना इतकी वर्षं तिनं दुसरं ऐकलंय काय?

कळावे, लोभ असावा.

आपली,
मागच्या सीटवरची, मधली

ता. क. : कोल्हापुरी चपला घालून येऊ नका. धावताना निसटतात.